तात्यांचं बसणं

रंगनाथराव शेळके, म्हणजे आमचे तात्या, यांना पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला हमखास शंका येई, की यांना काही होतंय की काय. काहीही होत नसे. ते नुसते बसलेले असत.

नुसतं बसणं आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही. आपण बसतो तेव्हा पाय हलवतो, कानात काडी घालतो, समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या पाहतो, आता उठावं का याचा हिशोब करतो. तात्या असलं काही करत नसत. पाठ खुर्चीला न टेकवता ते ताठ बसत. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, टोपी काढून मांडीवर, नजर समोरच्या फरशीवर. खिशात एक पेन आणि बदनापूर ते जालना रेल्वेचा पास. एकदा बसले की घरातला एखादा खांब इथे आधीपासून होताच, असं वाटावं.

आम्ही एका सरकारी कार्यालयात एकत्र होतो. खात्याचं नाव सांगत नाही. त्याचा पाण्याशी संबंध होता एवढं पुरे, तोही बराचसा कागदोपत्री. कार्यालय नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. तात्या हेडक्लार्क होते. गाव त्यांचं अंकुशनगरकडचं, तिथला ऊस भाऊ पाहायचा. हे बायकोसह बदनापुरात स्थायिक झालेले. कामाला चोख, पण त्यासाठी ते कुणाला आठवत नाहीत. आठवतात ते बसायला जाण्यासाठी.

आमच्याकडे एखाद्या घरात माणूस गेलं की लोक भेटायला जातात. त्यालाच बसायला जाणं म्हणतात, पण प्रत्यक्षात बसायला फार कमी लोक जातात. बहुतेक जण बोलायला जातात. आल्या आल्या विचारतात, "कसं झालं?" मग घरातल्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. छातीत कधी दुखलं, गाडी कुणाची मिळाली, डॉक्टर काय म्हणाले. ती जिथे थांबते तिथे आलेला माणूस आपल्या मावसभावाचं कसं झालं होतं ते सांगतो. शेवटी एखादे पुढारी येतात. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा असतो, आणि फोटो नीट येईपर्यंत पुढाऱ्यांचा हात घरच्यांच्या खांद्यावर असतो.

तात्या जात आणि कोपरा धरून बसत. कसं झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. आत्मा अमर आहे असंही कुणाला सांगितलं नाही. एकदा परत येताना मी त्यांना म्हणालो, की तात्या, दोन शब्द बोलावेत माणसानं, त्यांना बरं वाटतं. तात्या चालत राहिले. स्टेशन आल्यावर म्हणाले, "बोलणारे लई येतात. बसणारं बी कुणी पाहिजे का न्हाई?"

निघण्याचीही त्यांची रीत होती. एरवी कुणाच्याही घरून उठताना आपण 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणत नाही. पण दुःखाच्या घरातून निघताना 'येतो'ही म्हणायचं नसतं, कारण असल्या कामासाठी पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये. काही न बोलता उठायचं आणि चालू लागायचं. हल्ली हे फारसं कुणी पाळत नाही. तात्या काटेकोर पाळत. टोपी डोक्यावर ठेवत, उठत, उंबऱ्याबाहेर चपलांत पाय सरकवत. घरातली माणसं पाहत, मान हलवत. निरोप झाला.

या माणसाचा सगळ्यात जवळचा मित्र आमच्या कार्यालयातला सर्वांत बोलका माणूस होता, याचं मला कधीच नवल वाटलं नाही. गायकवाड आरेखक होते. कालव्यांचे नकाशे काढायचे. कागदावर रेघ सरळ, बोलणं मात्र नागमोडी. जालन्यातल्याच एका बौद्ध कुटुंबातले, वडील रेल्वेत. सकाळी "जय भीम, तात्या" म्हणून खुर्चीत बसले की पाच वाजेपर्यंत त्यांची वाणी थांबत नसे. जेवायला दोघं एका टेबलावर. गायकवाड बोलत आणि तात्या जेवत, त्यामुळे गायकवाडांचा डबा अर्धा राही आणि तोही शेवटी तात्याच संपवत.

गायकवाडांना वाकडं काही सहन होत नसे. लग्नपत्रिकेतल्या चुका ते यजमानांना दाखवत. दुसऱ्याच्या घरातली तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला ते कार्यालयभर फिरून सगळी कॅलेंडरं उलटत. आपल्याच खोलीतलं नव्हे, साहेबांच्या दालनातलं, शिपायांच्या बाकड्यावरचं, शेजारच्या खात्याचं आणि खालच्या चहावाल्याचंही. "महिना संपला तरी पान तेच, म्हणजे घरात माणूस हाय का न्हाई कळंना," असं त्यांचं म्हणणं. तात्यांच्या टेबलामागचं कॅलेंडर तर ते सर्वांत आधी उलटत. तात्या मान थोडी बाजूला करत, एवढाच त्यांचा सहभाग.

मग आमच्याकडे व्हीसी आली.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला सरकारात कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. ती व्हीसी. तिची योजना अशी की मुंबईतल्या साहेबांना जालन्यातल्या माणसाशी बोलायचं असेल तर जालन्याच्या माणसानं मुंबईला जाऊ नये. एका खोलीत मोठा पडदा, त्यावर कॅमेरा, टेबलावर माइक. पडद्यावर एकेका जिल्ह्याचा एकेक चौकोन. एका चौकोनात साहेब बोलतात, बाकीच्या चौकोनांतले लोक वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखे दिसतात. सगळ्यांचे माइक बंद ठेवायचे असतात. म्हणजे राज्यभरातली माणसं एकत्र आणून त्यांना गप्प बसवण्याची ती सोय होती. प्रवासखर्च वाचला हे खरं. वेळ कुणाचा वाचला ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या साहेबांनी तीन-चार व्हीसी सोसल्या आणि मग तात्यांना बसवायला सुरुवात केली. कारण उघड होतं. इतका वेळ न जांभई देता बसणारा दुसरा माणूस कार्यालयात नव्हता.

एका व्हीसीत वरचे साहेब बोलता बोलता थांबले. पडद्याकडे निरखून म्हणाले, "ते जालना हँग झालंय का?"

सगळ्या राज्यानं जालन्याच्या चौकोनाकडे पाहिलं. त्यात तात्या होते, टोपी मांडीवर, नजर खाली. मुंबईत कुणीतरी म्हणालं, हो सर, फ्रीझ झालंय. जालन्याचा तंत्रज्ञ धावत आला, त्यानं एक वायर काढून पुन्हा खोचली. तात्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा काही प्रॉब्लेम असेल, आपण मध्ये कशाला बोला. एवढ्यात त्यांची पापणी लवली. मुंबईहून आवाज आला, "हां, आलं, आलं." आणि व्हीसी पुढे चालू झाली. पुढच्या आठवड्यात लाइन तपासायला संभाजीनगरहून माणूस आला. लाइन उत्तम निघाली. चहा पिऊन तो परत गेला.

गायकवाडांना हा प्रसंग वर्षभर पुरला. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडे. शेवटच्या आवृत्तीत वरच्या साहेबांनी उभं राहून तात्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळली होती. तात्या तेही ऐकून घेत आणि गायकवाडांच्या डब्यातली भाकरी संपवत.

दोघंही थोड्या अंतरानं निवृत्त झाले. गायकवाड पुण्याला लेकीकडे, सुजाताकडे, राहायला गेले. मुलगा प्रशांतही पुण्यातच नोकरीला होता, धाकटा, लग्न ठरवायचं चाललेलं. तात्या बदनापुरातच राहिले. आणि मग ती महामारी आली, घराबाहेर पडायचं नाही असे दिवस आले. ओळखीतली माणसं जात होती आणि कुणी कुणाकडे बसायला जाऊ शकत नव्हतं.

तात्यांना अस्वस्थ झालेलं त्यांच्या बायकोनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुभद्राकाकू मला फोनवर सांगत होत्या, की हे उठतात, टोपी घालतात, दारापर्यंत जातात आणि परत येतात. काकूंना व्हिडिओ कॉलचा चांगला सराव होता. अंबडच्या बहिणीबरोबर त्या रोज कॉल लावून आपापले पापड कॅमेऱ्यासमोर धरत आणि कुणाचा पातळ यावर वाद घालत. एक दिवस तात्यांनी त्यांना विचारलं, "यावर बसायला जाता येतं का?"

काकू म्हणाल्या, "बसायचं आपल्या खुर्चीवर. दिसायचं तिकडं."

तात्यांनी विचार केला आणि आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. समोर स्टुलावर पाण्याचा तांब्या, त्याला टेकवून फोन. अंबडला आमच्या कार्यालयातला जुना शिपाई गेला होता, त्याच्या घरी कॉल लावला. पुढचं काकूंनी सांगितलं ते असं. तिकडे मुलगा, सून, म्हातारी सगळी फोनपुढे जमली. तात्या दिसले. तात्या बसले. थोड्या वेळानं मुलगा म्हणाला, "तात्या, आवाज येऊन राह्यला का?"

"येतोय."

पुन्हा शांतता. मग सून म्हणाली, "आम्ही दिसतो का तुम्हाला?"

"दिसता."

पुन्हा शांतता. मुलगा फोन हलवून पाहू लागला. "तात्या, रेंज गेली का तुमची?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "बसलोय."

मग त्यांना उमजलं. म्हातारीनं पदर सावरला, भिंतीला टेकली. दोन्ही बाजू बसून राहिल्या.

अडचण आली ती निघताना. वेळ झाली तसं तात्यांनी काकूंना खूण केली, काकूंनी लाल बटण दाबलं. लगेच अंबडहून उलटा कॉल आला. "तात्या, कट झालं वाटतं." तात्या पुन्हा बसले. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा फोन आला. बिचारे मनापासून करत होते, माणूस बसायला आलंय आणि आपल्या रेंजमुळे तुटतंय म्हणून त्यांना ओशाळल्यासारखं होत होतं. काकू म्हणाल्या, सांगून टाका की निघतो म्हणून. तात्या म्हणाले, "असं कुठं सांगत असतात का?" त्या दिवशी तात्या दुपारचं जेवण टळेपर्यंत अंबडहून निघू शकले नाहीत.

दुसऱ्या वेळेपासून त्यांनी तोड काढली. घरी जाऊन जसे उठत तसेच फोनपुढून उठायचं. ते टोपी डोक्यावर ठेवत, उभे राहत, खुर्चीशेजारी आणून ठेवलेल्या चपलांत पाय सरकवत आणि चालत चौकटीबाहेर जात. पलीकडच्या लोकांना मग रिकामी खुर्ची दिसे, आणि तिच्यामागची भिंत आणि कॅलेंडर. त्यांना कळे, तात्या निघाले. थोडा वेळ जाऊ देऊन काकूंचा बांगड्यांचा हात पडद्यावर येई आणि कॉल बंद करी.

"घरात चपला घालून हिंडताय," असं काकूंचं गाऱ्हाणं होतं.

"मंग अनवाणी निघू का लोकांच्या घरून?" असं त्यांचं उत्तर.

त्यांनी आणखीही काही ठरवून टाकलं होतं. ज्यानं कॉल लावला तो पाहुणा, ज्यानं उचलला तो घरचा. म्हणजे चहाचं विचारायचं घरच्यानं, आणि आधी उठायचं पाहुण्यानं. मी त्यांना म्हणालो, तात्या, यात चहा कुणालाच मिळत नाही. ते म्हणाले, "विचारायचं तं राहतं ना."

त्याच दिवसांत गायकवाडांचा प्रशांत गेला.

पुण्यात, दवाखान्यात, चार-पाच दिवसांच्या तापात. गायकवाडांना जवळ जाऊ दिलं नाही. सुजातानं मला कळवलं तेव्हा तिला एवढंच सांगता आलं, की काका, बाबा काही बोलत नाहीत. मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. गायकवाड बोलत नाहीत, हे वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं.

आमच्या निवृत्त मंडळींनी ऑनलाइन शोकसभा ठेवली. सगळ्यांना लिंक पाठवली, तिच्यासोबत काळ्या चौकटीतला फोटो आणि त्याखाली आयोजकांची नावं, फोटोपेक्षा मोठी. सूत्रसंचालकानं "व्यासपीठावरील मान्यवर" अशी सुरुवात केली. व्यासपीठ कुठेच नव्हतं, प्रत्येक जण आपापल्या घरात लुंगीवर शर्ट घालून बसला होता. एकानं काळाच्या घाल्यावर भाषण केलं. एकाचा माइक चालू राहिला आणि त्याच्या घरचा मिक्सर सगळ्यांनी ऐकला. गायकवाड एका चौकोनात होते, खाली पाहत. सुजाता त्यांच्या मागे उभी. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, आता शेळके तात्या दोन शब्द बोलतील. तात्यांचा चौकोन मोठा झाला. तात्या बसले होते. कुणीतरी म्हणालं, तात्या, माइक चालू करा. माइक चालूच होता, मागे अंगणात चिमण्या ओरडत होत्या त्या ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळानं सूत्रसंचालक म्हणाला, "तात्यांचा आवाज येत नाहीये, आपण पुढे जाऊ."

तेवढ्या वेळात गायकवाडांनी एकदा मान वर करून पाहिलं होतं. मी पाहत होतो म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून तात्या रोज दुपारी पुण्याला बसायला जाऊ लागले. जेवणं उरकली की काकू कॉल लावून देत, सुजाता तिकडे फोन बाबांपुढे ठेवून आत जाई. पहिल्या दिवशी गायकवाडांनी भिंतीकडे तोंड केलं. तात्या बसले, वेळ झाल्यावर टोपी घालून निघाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

सुजाता घाबरली होती. बाबा ताटावर बसत, ताटाकडे पाहत आणि उठत. डॉक्टर म्हणत होते, असंच राहिलं तर दाखल करावं लागेल, आणि दवाखान्यात नेलेला भाऊ परत आला नव्हता. तिनं मला विनवलं, की काका, तात्यांना सांगा ना काहीतरी बोलायला. बाबा त्यांचं ऐकतील.

मी तात्यांना फोन केला आणि जरा कडक सांगितलं. ते ऐकत राहिले.

"काय सांगू त्याला? जेव म्हणून सांगू?" ते म्हणाले. "त्याला माहीत न्हाई का जेवायचं असतं ते? त्याचं पोरगं गेलं, बाबा. त्याच्यापुढं ठेवायला माझ्यापाशी बोलणं न्हाई. बसता येतं, ते करून राह्यलो."

महिना संपला, दुसरा लागला. तात्या रोज दुपारी चपला घालून येत-जात राहिले. गायकवाड आता भिंतीकडे तोंड करत नव्हते, फोनकडे पाहत, पण तात्यांकडे नव्हे. सुजाताच्या लक्षात आलं, की बाबा तात्यांच्या खांद्यावरून मागे कुठेतरी पाहतात आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते. आठी का होईना, काहीतरी पडतंय याचं तिला बरं वाटलं.

मग एका दुपारी ती आत भांडी घासत असताना बाहेरून आवाज आला. इतक्या दिवसांनी, घोगरा, आपल्याच वडिलांचा आहे हे तिला क्षणभर कळलं नाही.

"तात्या."

"हां."

"मागं कॅलेंडर मागच्याच महिन्याचं हाय."

तात्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "असंल," ते म्हणाले.

"असंल काय असंल? महिना लागून किती दिस झाले. उलटता येत न्हाई का तुम्हाला?"

"मला कुठं ध्यान राहतं. ते तुझं काम."

गायकवाडांनी वळून आपल्या भिंतीकडे पाहिलं. सुजाता दारात येऊन उभी राहिली होती, हात ओले तसेच.

"आमच्याकडचं बी तसंच हाय," गायकवाड म्हणाले. "मलाच उलटू वाटंना. पुढच्या पानावर प्रशांतचा वाढदिवस हाय, तात्या."

सुजाता सांगते, की त्यानंतर बाबा रडले. दवाखान्यातून निरोप आला त्या दिवशी रडले नव्हते, नंतरही नव्हते. तात्यांनी त्यांना थांबवलं नाही, उगी उगी म्हटलं नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाले, "ऊठ. तू तिकडचं उलट, मी इकडचं उलटतो."

दोघं म्हातारे आपापल्या खुर्चीतून उठले. दोन्ही फोनांत थोडा वेळ फक्त पाठी दिसल्या. गायकवाडांना पान उलटायला वेळ लागला. तात्यांनी आपलं उलटून हातानं दाबून धरलं होतं आणि ते वळून पाहत उभे होते, पुण्याचं होईपर्यंत.

मग गायकवाड बसले आणि सुजाताला म्हणाले, "काय केलं होतं गं आज?" तिनं ताट आणलं. भाकरी, मेथीची भाजी. ते फोनपुढेच जेवले. सगळं नाही, पण जेवले. तात्या बसून होते. ताट उचललं गेलं तसं त्यांनी टोपी घातली, चपलांत पाय सरकवले, चौकटीच्या कडेपर्यंत गेले आणि थांबले. इतक्या दिवसांत एकदाही न बोललेला शब्द बोलले.

"येतो मंग."

गायकवाडांना तो बरोबर कळला. त्यांनी डोळे पुसले आणि घरच्या माणसानं म्हणायचं ते म्हटलं, "या."

पान मुद्दाम ठेवलं होतं का, हे मी नंतर तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "ध्यानातच न्हाई राह्यलं." मग मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "पहिल्या तारखेलाच मी उलटायला गेल्ते. हे म्हणले, राहू दे." माझी सगळी नोकरी सरकारात झाली. दोन जबाब जुळत नसतील तर दोन्ही फाइलला लावायचे आणि शेरा मारायचा नाही, एवढं मी तिथे शिकलो.

गायकवाड पुन्हा बोलू लागले, पूर्वीइतकं नाही. म्हणजे साधारण आपल्यासारखं. रस्ते मोकळे झाल्यावर ते एकदा जालन्याला येऊन गेले, तात्यांकडे चार दिवस राहिले. पुढे गुडघे गेले, हृदयाचं काही निघालं, प्रवास बंद झाला. दुपारचा कॉल मात्र चालू राहिला. कॉल कुणी लावायचा याची पाळी ठरलेली, म्हणजे पाहुणा एक दिवस हे, एक दिवस ते. मी कधी बदनापूरला गेलो तर मलाही त्यात बसवत.

गेल्या वर्षी तात्यांच्या घशात गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि काकूंना बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. तात्यांना बोलायला मनाई केली. "त्यात नवीन काय हाय," काकू म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून बाहेर व्हरांड्यात गेल्या.

घरी लोक येऊ लागले. आमच्या लोकांना आजारी माणसापुढेही बोलावं लागतं. कुणी अमुक गावचं औषध सांगे, कुणी तुम्ही बिलकुल बरे होणार असं ठणकावून सांगे आणि घड्याळ पाही. तात्या सगळ्यांचं ऐकून घेत. दुपारी ते हातानंच सगळ्यांना थांबायची खूण करत आणि उठून आपल्या त्या खुर्चीत बसत. आता कॉल रोज गायकवाडच लावत. पाळी त्यांनी मोडून टाकली होती.

आणि गायकवाड बोलत नसत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. हा माणूस दाढी करतानासुद्धा बोलायचा. आता तळवे गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून बसला होता. त्याला ते जमत नव्हतं. मधूनच ओठ हलत, बोटं गुडघ्यावर रेघा ओढत. पण तो बसला होता.

तात्या गेले त्याच्या दोन-तीन दिवस आधीची दुपार. मी जालन्यात घरी होतो. सुजातानं मला लिंक पाठवली, खाली लिहिलं होतं, बाबा म्हणतात तुम्हीही या. मी गेलो. पडद्यावर तीन चौकोन. एकात मी. एकात गायकवाड, शेजारी काठी. एकात तात्या. शर्ट इस्त्रीचा, पण आत माणूस फार थोडा उरलेला. टोपी मांडीवर. मागे कॅलेंडर, चालू महिन्याचं.

नोकरीत मी पुष्कळ व्हीसींना बसलो आहे. ज्यात कुणी काहीच बोललं नाही आणि संपू नये असं वाटलं अशी ही एकच. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पुण्याकडे कुणाच्या तरी घराची घंटा वाजली. तात्यांच्या मागे कॅलेंडरचं पान पंख्यानं थोडं हलत होतं, आणि गायकवाडांची नजर एकदा तिकडे जाऊन परत आली.

वेळ झाली. गायकवाडांनी काठी घेतली आणि उठले. खुर्चीशेजारी त्यांच्या चपला होत्या, त्यांत एकेक पाय सावकाश घातला. आणि तिथे ते अडले. मला कळत होतं ते कशावर अडलेत. काही न बोलता निघावं, तर तात्या समोर बसलेले असताना ते घर दुःखाचं ठरवल्यासारखं होणार. आणि 'येतो' म्हणावं, तर पुन्हा यायला तात्या असतीलच असं नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

मग म्हणाले, "येतो, तात्या. उद्या जल्दी येतो."

तात्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण एकाच अक्षराचा तो शब्द होता, दिसला. या.

गायकवाड चौकटीबाहेर गेले. त्यांच्या चौकोनात रिकामी खुर्ची राहिली, मागे भिंतीवर त्यांचं कॅलेंडर. कुणीही कॉल बंद केला नाही. तात्या होते तसेच बसून होते, तळवे गुडघ्यांवर, नजर खाली. इतके स्थिर, इतका वेळ, की माझा हात फोनकडे गेला. आवाज येतोय का, हे शब्द तोंडाशी आले होते. मी ते बोललो नाही. मी पण बसलो.

मग त्यांची पापणी लवली. रेंज होती.